दुसरीच्या वर्गातला आठवडा कोणाचा?

प्राथमिक शिक्षणाची चर्चा आपल्याकडे वर्षाच्या हिशेबाने होते. वर्षाचा पट, वर्षाची गळती, वर्षअखेरचे मूल्यमापन आणि वर्षाच्या सुरुवातीला मिळालेली किंवा न मिळालेली पुस्तके असे तिचे विषय असतात. कायद्यानेही तेच माप वापरले आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास ठरवून दिले आहेत. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास, आणि सहा दिवसांचा आठवडा धरला तर सुमारे तेहतीस आठवडे. त्याच अनुसूचीत आठवड्याचाही एक आकडा आहे, पण तो शिक्षकांसाठी आहे: पाठाच्या तयारीच्या वेळेसह आठवड्याला किमान ४५ तास काम. मुलाच्या आठवड्याविषयी मात्र कायदा काही सांगत नाही. सात वर्षांच्या मुलाला वर्ष समजत नाही. त्याला काल, आज, उद्या आणि रविवार समजतो, आणि त्याचे शिकणेही तेवढ्याच अंतरात घडते किंवा बिघडते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की निदान पहिली ते तिसरीच्या वर्गांसाठी शाळेच्या कामाचा हिशेब आठवड्याने मांडला पाहिजे आणि त्या आठवड्यातले ठरावीक तास कोणत्याही कारणाने मोडता येणार नाहीत अशी व्यवस्था झाली पाहिजे.

हे मत मी एका वर्गात बसून बनवले आहे. सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत माझी मुलगी शिकते आणि त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी पालक सदस्य आहे. पोटापाण्यासाठी मी टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब लिहितो. समितीच्या बैठकीत 'मुलांना वजाबाकी येत नाही' हा विषय दर वेळी निघतो, दर वेळी कोणी शिक्षकांना बोल लावतो, कोणी पालकांना, आणि चहा घेऊन बैठक संपते. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीनंतर मी आठवडाभर रजा काढली आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीने दुसरीच्या वर्गात मागच्या भिंतीशी वही घेऊन बसलो. तपासणीसाठी मी गेलो नव्हतो. वजाबाकी येत नाही म्हणजे नेमके काय होते, एवढेच मला पाहायचे होते.

सोमवारी परिपाठ आणि हजेरी झाल्यावर बाईंनी फळ्यावर ४२ वजा १७ हे गणित मांडले. चौतीस मुलांपैकी बहुतेकांनी उत्तर लिहिले ३५. ही चूक ज्यांनी लहान मुलांना शिकवले आहे त्यांच्या चांगल्या परिचयाची असेल. दोनातून सात जात नाहीत म्हणून मूल सातातून दोन वजा करते, पाच लिहिते, मग चारातून एक वजा करून तीन लिहिते. वरचा अंक कोणता, खालचा कोणता, याच्याशी त्याला देणेघेणे नसते; मोठ्यातून लहान काढायचे, एवढा एकच नियम त्याने पक्का केलेला असतो. या मुलांना वजाबाकी येत नाही असे म्हणणे चूक आहे. त्यांना एकक वेगळे, दशक वेगळे अशी वजाबाकी येते. दशक सुटा करून त्याचे दहा एकक होतात ही गोष्ट अजून त्यांच्या हाताला लागलेली नाही.

त्या वर्गातली दुसरी अडचण खास सोलापूरची आहे. सुमारे निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड, दोघा-तिघांच्या घरी दखनी आणि उरलेल्यांच्या घरी मराठी. विणकामासाठी तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे राहत आहेत. या शहरात मराठीबरोबर उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमांच्याही शाळा आहेत, तरी अनेक पालक पुढच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा विचार करून मुलांना मराठी शाळेत घालतात. बाईंनी तोंडी सांगितले, "बेचाळीस लिहा." दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने लिहिले २४. तिला काही कळत नव्हते असे नाही. 'बेचाळीस' या शब्दात दोनाचा उच्चार आधी येतो आणि चाळिसाचा नंतर, आणि तिने ऐकले त्या क्रमाने लिहिले. बाई मूळच्या बार्शीकडच्या, पण दहा वर्षांत कामापुरती तेलुगू शिकल्या आहेत. त्या तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "नलभै रेंडु." मुलीने लगेच खोडून ४२ लिहिले. तेलुगूत आधी चाळीस म्हणतात आणि मग दोन. कन्नडमध्येही 'नलवत्तेरडु' असाच क्रम आहे.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे संख्यावाचन आले तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले होते ते अनेकांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर या जुनी नावे काढलेली नाहीत, लहान मुलांसाठी दोन्ही पर्याय ठेवले आहेत, असे सांगत होत्या, पण ते शांतपणे ऐकून घेणारे थोडे होते. मराठी संख्यानावांचे सौंदर्य मलाही प्रिय आहे आणि ती टिकलीच पाहिजेत. तरीही तो वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांनी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या वर्गात बसून 'बेचाळीस' ऐकून २४ लिहिणारे मूल पाहिले असेल, असा प्रश्न मला त्या सोमवारी पडला. बाईंना त्या मुलीसाठी जे करावे लागले ते कोणत्याही पुस्तकात छापून भागणारे नव्हते. त्यासाठी त्या तिच्या बाकापाशी असणे आवश्यक होते.

आणि नेमके तेच त्या सोमवारी कठीण होते. सकाळच्या पहिल्या दोन तासांत बाईंना चार वेळा वर्गाबाहेर जावे लागले. एकदा आधार क्रमांक न जुळलेल्या दोन मुलांची माहिती हवी होती, एकदा दूरध्वनी आला, एकदा कोणत्या तरी स्पर्धेत सहभागी झालेल्यांची संख्या 'आजच बारापर्यंत' ऑनलाइन भरायची होती, आणि एकदा गणवेशाच्या याद्यांवर सही करायची होती. प्रत्येक काम पाच-सात मिनिटांचे होते आणि कोणतेही एक काम अवाजवी म्हणता आले नसते. पण बाई परत आल्या की वर्ग जिथे सोडला होता तिथे सापडत नसे. मुलांना पुन्हा जागेवर बसवणे, फळ्याकडे लक्ष आणणे, मघाशी काय चालले होते ते आठवून देणे, यात गेलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ जात होता. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे मुलांच्या बाकांवर वाटून झाले होते. तिसऱ्यांदा बाई परत आल्या तेव्हा रबर निघून निम्मे गठ्ठे मोकळे झाले होते आणि काड्यांच्या तलवारी झाल्या होत्या.

मंगळवारी ४२ वजा १७ चे गणित पुढे सरकले, आणि ते कसे सरकले ते सांगितलेच पाहिजे. जिने आदल्या दिवशी २४ लिहिले होते त्याच मुलीच्या बाकावर बाई बसल्या. तिच्यासमोर चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या होत्या. "यातल्या सतरा मला दे," बाई म्हणाल्या. मुलीने एक गठ्ठा दिला, दोन सुट्या काड्या दिल्या आणि थांबली. बाईही थांबल्या. मी घड्याळ पाहिले नाही, पण ती शांतता चांगली लांबली. मग मुलीने विचारले, "कट्टा सोडू?" तिची आई घरी विड्या वळते. पंचवीस विड्यांचा कट्टा बांधताना आणि एखादी विडी खराब निघाली तर तो सोडून पुन्हा बांधताना तिने रोज पाहिले होते. बाई म्हणाल्या, "सोड." तिने रबर काढले, दहा काड्या सुट्या केल्या, त्यातल्या पाच बाईंच्या हातावर ठेवल्या आणि उरलेल्या मोजल्या. पंचवीस. लगेच शेजारच्या मुलाने आपला गठ्ठा सोडला, आणि पाच मिनिटांत तिन्ही रांगांत 'कट्टा सोडू का' हा शब्द चालू झाला. पुस्तकात त्याला 'दशक सुटा करणे' म्हणतात. शब्द कोणताही असो, गोष्ट मुलांच्या हाताला लागली होती.

हात ते वही हा प्रवास मात्र अजून बाकी होता. काड्यांशिवाय, नुसत्या अंकांवर तेच करता येण्यासाठी मुलांना बुधवारी, गुरुवारी आणि शुक्रवारी त्याच गणिताला पुन्हा पुन्हा भेटावे लागणार होते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवून दिले होते की नव्याने शिकलेले सर्वांत वेगाने पहिल्या एक-दोन दिवसांतच विसरले जाते आणि अंतराअंतराने केलेली उजळणी हाच त्यावरचा उपाय आहे. हे आपल्या आजी-आजोबांना प्रयोगाशिवाय माहीत होते. संध्याकाळी दिवेलागणीला पाढे म्हणण्याची रीत त्यातूनच आली होती. बाईंच्या टाचणवहीतही बुधवारसमोर 'हातच्याची वजाबाकी, वहीत' असे स्पष्ट लिहिले होते.

बुधवारी बाई शाळेत नव्हत्या. मंगळवारी संध्याकाळी व्हॉट्सॲप गटावर संदेश आला होता आणि त्यांना एका प्रशिक्षणाला जावे लागले. दुसरीची मुले तिसरीच्या वर्गात नेऊन बसवली. अठ्ठ्याहत्तर मुले, एक गुरुजी. त्यांनी गोष्ट सांगितली, कविता म्हणून घेतली, मुले शांत राहतील ते सगळे केले, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या कोणालाही याहून अधिक करता आले नसते. गुरुवारी त्या वस्तीत नळाला पाणी आले. आपल्या शहरात पाणी काही दिवसांआड येते आणि ते येईल त्या वेळी भरून ठेवावे लागते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. आई विड्या कारखान्यात देऊन येईपर्यंत घागरी भरण्याचे काम मोठ्या मुलांवर आणि धाकट्यांना सांभाळण्याचे काम मधल्यांवर पडते. त्या दिवशी वर्गात एकोणीस मुले होती. कट्टा सोडणारी मुलगी आली नव्हती.

शुक्रवारी सगळी मुले पुन्हा एकत्र आली. बाईंनी फळ्यावर ५३ वजा २८ मांडले आणि अर्ध्याहून अधिक वर्गाने उत्तर लिहिले ३५.

माझ्या हिशेबाच्या कामात अशी वेळ आली तर मी आधी पाहतो की चूक कोठे झाली, कोणी केली ते नंतर. येथे चूक बाईंची नव्हती, त्यांच्याइतके मन लावून शिकवणारी माणसे मी थोडी पाहिली आहेत. मुलांची नव्हती आणि त्यांच्या आयांची तर नव्हतीच. मंगळवारी जे उमगले होते ते पक्के करण्याचे दोन दिवस मध्येच तुटले होते, आणि त्यातला एक दिवस आपण, म्हणजे शाळेबाहेरच्या मोठ्या माणसांनी, तोडला होता.

शिक्षकांच्या अशैक्षणिक कामांविषयी बोलताना 'कोणती कामे शिक्षकांनी करावीत' हाच मुद्दा नेहमी पुढे येतो. कायद्याच्या कलम २७ ने दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई केली आहे, आणि राज्य शासनानेही २०२४ मध्ये शैक्षणिक व अशैक्षणिक कामांचे वर्गीकरण केले. हे आवश्यकच होते. पण त्या आठवड्यात बाईंना वर्गाबाहेर काढणारी बहुतेक कामे 'शैक्षणिक' या रकान्यात बसणारी होती. प्रशिक्षण शैक्षणिक, गणवेशाची यादी विद्यार्थ्यांच्या हिताची, स्पर्धेची माहितीही शाळेचीच. त्यामुळे काम कोणते यापेक्षा ते केव्हा आणि किती आधी सांगून करायचे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आमच्या कारखान्यात विणकराला माग चालू असताना कागदावर सही करायला कोणी बोलावत नाही. पाळी संपल्यावर मीच रजिस्टर घेऊन त्याच्याकडे जातो. मागावरच्या टॉवेलला आपण जो मान देतो तो दुसरीच्या वर्गाला देत नाही, हे मला मनापासून लागते.

आधीपासून ठाऊक असलेल्या खंडाने एवढे नुकसान होत नाही, हेही याच शहरात दिसते. संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, आणि त्या दिवसांत अर्धे शहर रस्त्यावर असते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा पूर्व भागातल्या शाळेत मुले शोधून सापडत नाहीत. पण हे दिवस शिक्षकांना जूनमध्येच माहीत असतात. यात्रेच्या आधी घटक संपवायचा, यात्रेनंतर उजळणीने सुरुवात करायची, हे नियोजन त्या करतात, आणि यात्रेत पाहिलेल्या पाळण्यांवर, खेळण्यांच्या किमतींवर महिनाभर गणिते घालतात. घात होतो तो रात्री आठला आलेल्या 'उद्या दहा वाजता उपस्थित राहावे' या संदेशाने.

माझी मागणी मोठी नाही आणि तिला फारसा पैसाही लागत नाही. पहिली ते तिसरीच्या वर्गांत सोमवार ते शुक्रवार सकाळचे पहिले दोन तास, मधल्या सुट्टीच्या आधीचे, भाषा आणि गणितासाठी राखून ठेवावेत. त्या वेळेत वर्गशिक्षकाला वर्गाबाहेर बोलावण्याचा अधिकार कोणालाही असू नये, तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनाही नाही. त्यांनी मागच्या भिंतीशी येऊन बसावे, तेथे जागा असते. माहिती मागायची ती महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी, दुपारच्या सत्रात मागावी. प्रशिक्षणाचे वेळापत्रक सत्राच्या सुरुवातीला हाती पडावे, म्हणजे टाचण त्याप्रमाणे करता येईल. शनिवारी सकाळची शाळा असते आणि 'आनंददायी शनिवार' म्हणून त्या दिवशी खेळ, कला, गोष्टी व्हाव्यात असे धोरण आहे. ते चांगले आहे आणि त्याला हात लावण्याचे कारण नाही.

यावर एक आक्षेप प्रशासनाचा असेल की माहिती वेळेवर गेली नाही तर मुलांचाच तोटा होतो. पोषण आहाराच्या बाबतीत मला हे मान्य आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळतील एवढे जेवण शाळेत मिळाले पाहिजे असा निकष आहे, आणि आमच्या वर्गातल्या काही मुलांसाठी ते दिवसाचे पहिले पोटभर जेवण असते, हे मी त्या आठवड्यात जवळून पाहिले. ताटांची मोजदाद रोज झालीच पाहिजे. पण ती हजेरीबरोबर पाच मिनिटांत होते. बाकीच्या माहितीपैकी बरीचशी वर्षभर बदलत नाही आणि तरी ती पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तक्त्यांत मागितली जाते.

दुसरा आक्षेप पालकांकडून येतो आणि तो अधिक बोचरा आहे. दोन तास राखून ठेवले तरी शिक्षक शिकवतील कशावरून? समितीत हा प्रश्न एका यंत्रमाग कामगाराने विचारला, आणि तो विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. शिकवण्याची टाळाटाळ करणारे शिक्षक नाहीत असे मी म्हणणार नाही. पण आज त्यांना जाब विचारता येत नाही, कारण 'आम्हाला शिकवूच देत नाहीत' हे उत्तर तयार असते आणि ते पुष्कळ अंशी खरेही असते. तास राखले की हे उत्तर संपते. राखलेल्या तासांत वर्गात काय झाले, हे मग पालकांनी निःसंकोच विचारावे. त्या कामगाराने धाकट्या मुलाला कर्ज काढून इंग्रजी शाळेत घातले आहे. का, असे विचारल्यावर तो इंग्रजीविषयी एक शब्दही बोलला नाही. "तिथे टीचर वर्गात असते," एवढेच म्हणाला.

गुणी शिक्षक कोणत्याही परिस्थितीतून वाट काढतात, असेही सांगितले जाते, आणि आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण दिले जाते. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा आम्हा सर्वांची मान उंचावली. त्यांच्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग असा की मुलांच्या घरची भाषा कन्नड आहे हे ओळखून त्यांनी पाठ्यपुस्तकातला मजकूर त्या भाषेत आणला. त्यासाठी मुलांजवळ वेळ काढून बसावे लागले असणार. असे शिक्षक आणखी व्हावेत असे वाटत असेल तर सामान्य शिक्षकालाही तो वेळ मिळाला पाहिजे. २०२१ च्या जुलैमध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे असे उद्दिष्ट ठेवले आहे. त्याच काळात २०२७ च्या जनगणनेचे काम येते, आणि त्यासाठी घरोघरी जाणाऱ्यांत शिक्षक मोठ्या संख्येने असणार. ते राष्ट्रीय काम आहे आणि कायद्यानेही त्याला मुभा दिली आहे. म्हणूनच जे टाळता येण्यासारखे आहे ते आत्ताच टाळायला हवे.

त्या शनिवारी शाळा सकाळची होती. मुलांनी मातीची भांडी केली, एक गाणे म्हटले आणि अकराच्या सुमारास दप्तरे भरायला सुरुवात केली. बाईंनी फळा पुसला, पण कोपऱ्यात ५३ वजा २८ चे गणित चौकट आखून ठेवले आणि खाली लिहिले, 'पुसू नये'. मी वही मिटता मिटता त्यांना विचारले की सोमवारी हेच घेणार का. त्या म्हणाल्या, "सोमवारी गठ्ठ्यांपासून. आणि मंगळवारी मला बोलावलं नाही, तर वहीत."

समितीची पुढची बैठक येत्या महिन्यात आहे. सकाळी मधल्या सुट्टीपर्यंत दुसरीच्या बाईंना कोणीही बोलावू नये, दूरध्वनी मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवावा आणि तातडीची माहिती भरण्यासाठी समितीतल्या पालकांपैकी एकाने आठवड्यातून दोन दुपारी शाळेत यावे, असा ठराव मी मांडणार आहे. मंगळवार आणि शुक्रवारच्या दुपारी मी स्वतः येईन, तसे कारखान्यात मालकांशी बोलून ठेवले आहे.